बाई, एक विचारू? : सैन्य नसलेली संसद

मागच्या महिन्यात मी या सदरात १८४८ च्या जर्मनीबद्दल, म्हणजे तिथली क्रांती आणि एका जर्मनीची राज्यघटना लिहायला फ्रँकफर्टला जमलेली लोकनियुक्त संसद यांबद्दल, जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि टपालाचा गठ्ठा एकदम जाड झाला. संपादकांनी फोन करून सांगितलं, "बाई, या वेळची सगळी जागा त्यालाच द्या." तेव्हा शनिवारवाड्याच्या पायऱ्या आणि कान्होजी आंग्र्यांचं आरमार विचारणाऱ्यांनी एक महिना कळ काढावी.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'फ्रँकफर्टची संसद अयशस्वी का झाली?' या प्रश्नाचं आमच्या नोट्समधलं उत्तर असं, की प्राध्यापक मंडळी वर्षभर चर्चा करत बसली आणि संधी हातची गेली. पाच गुणांना एवढं पुरेल का? – एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : पाच गुणांना पुरेल रे. मीसुद्धा कितीतरी वर्षं वर्गात हेच उत्तर उतरवून देत होते. एकदा तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला, एरवी खिडकीबाहेर बघणारा, आणि म्हणाला, "मॅडम, बोलायचं नव्हतं तर त्यांनी करायचं काय होतं?" तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटले. पण प्रश्न काही सुटला नाही. घरी येऊन पुस्तकं काढली, आणि पुढच्या वर्षीपासून ते उत्तर देणं बंद केलं.

आधी हे बघ की ते लोक तिथे आले कसे. १८१५ मध्ये नेपोलियनचं प्रकरण मिटल्यावर व्हिएन्नाला जो जर्मन संघ केला, त्यात ३९ राज्यं होती. ऑस्ट्रिया आणि प्रशिया हे दोन हत्ती, मधे बव्हेरिया, सॅक्सनी, हानोव्हर अशी मध्यम प्रकृतीची आणि बाकी चिटुकली संस्थानं. संघाची सभा फ्रँकफर्टला भरायची, पण तिथे बसायचे ते राजांचे वकील. लोकांनी निवडलेलं कुणीच नव्हतं. छापखान्यावर पहारा होता. १८१९ पासून वीस फर्म्यांच्या आतलं, म्हणजे ३२० पानांपेक्षा लहान काहीही छापायचं तर आधी सरकारला दाखवायचं. जाड पुस्तकं सुटली होती, कारण जाड पुस्तकानं कोण पेटतंय!

त्यात १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, पुढच्या वर्षी धान्यही कमी आलं. एप्रिल १८४७ मध्ये खुद्द बर्लिनच्या बाजारात बटाट्यावरून दंगल झाली. १८४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राजाला पळावं लागल्याची बातमी ऱ्हाईन ओलांडून आली, तेव्हा इकडे काडी लागायचीच बाकी होती. १३ मार्चला व्हिएन्नात ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटरनिख यानं राजीनामा दिला. ज्या माणसानं तीस-पस्तीस वर्षं सगळ्या युरोपला गप्प बसवलं, तो वेष पालटून पळाला आणि लंडनला पोचला.

बर्लिनचं जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. १८ मार्चला दुपारी राजवाड्यासमोरच्या चौकात जे लोक जमले, त्यातले बरेच राजाचे आभार मानायला आले होते. राजानं, म्हणजे प्रशियाचा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा यानं, सेन्सॉरशिप उठवायचं कबूल केलं होतं. गर्दी वाढली तसं चौक मोकळा करायला सैन्य पुढे सरकलं आणि दोन गोळ्या सुटल्या. लागल्या कुणालाच नाहीत. पण "दगा! दगा!" अशी ओरड झाली आणि संध्याकाळपर्यंत गल्लोगल्ली गाड्या, पिंपं, दरवाजे, फरश्या रचून लढायचे मोर्चे (बॅरिकेड) उभे राहिले. रात्रभर लढाई. सकाळी राजानं "माझ्या प्रिय बर्लिनकरांनो" असं पत्रक काढून सैन्य मागे घेतलं. लोकांनी मेलेल्यांना राजवाड्याच्या चौकात आणून ठेवलं आणि राजाला बाहेर बोलावलं. तो राणीला घेऊन आला. गर्दीतून आवाज आला, "टोपी काढ!" त्यानं काढली. चार दिवसांनी १८३ शवपेट्या फ्रीडरिशशाइनच्या टेकाडावर पुरायला नेल्या, तेव्हाही गच्चीवर उभं राहून त्यानं पुन्हा टोपी काढली. ती बहुतेक सुतार, शिंपी, लोहार यांच्याकडे काम करणारी कारागीर पोरं होती. ही टोपी ध्यानात ठेव. त्या माणसानं ती जन्मभर विसरली नाही.

आता संसद. १८ मे १८४८ ला फ्रँकफर्टच्या नगरभवनातून म्हणजे रोमरमधून सभासद रांगेनं निघाले. पहिल्या दिवशी साधारण ३३० जण होते. घंटा वाजत होत्या, खिडक्या-खिडक्यांतून काळे-लाल-सोनेरी झेंडे. शेजारच्या सेंट पॉलच्या चर्चमध्ये, पाउल्सकिर्शेत, ते जाऊन बसले. शहरात तेवढ्या माणसांना मावेल असा दुसरा दिवाणखानाच नव्हता. इमारत गोलसर, आवाज घुमायचा. थंडीत ऊब नव्हती म्हणून नोव्हेंबरपासून दोन महिने शेगड्यांची सोय होईस्तोवर दुसऱ्या चर्चमध्ये बैठका घ्याव्या लागल्या. पक्षांना नावं नव्हती, मग मंडळी संध्याकाळी ज्या खानावळीत जमत त्या खानावळीचंच नाव त्या गटाला पडलं : कासिनो, व्युर्टेंबेर्गर होफ, डॉइचर होफ, डोनर्सबेर्ग. (आपल्याकडे हे करायचं झालं तर पक्षांपेक्षा अमृततुल्यच जास्त निघतील.)

आणि हे सगळे 'प्राध्यापक' होते का? नाही. वर्षभरात बदली सभासद धरून आठशेच्या वर माणसं तिथे बसून गेली. त्यात विद्यापीठातले प्राध्यापक दहात एक इतकेसुद्धा नव्हते. खरा भरणा न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि वकील यांचा. कारागीर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, शेतकरी त्याहून कमी. दोष द्यायचाच असेल तर त्याला दे : मोर्च्यावर ज्यांची पोरं मेली त्यांच्यातलं जवळपास कुणीच आत नव्हतं.

बडबडीचं म्हणशील तर त्यांनी आधी मूलभूत हक्क लिहायला घेतले आणि २७ डिसेंबर १८४८ ला त्यांचा कायदा केला. कायद्यापुढे सगळे सारखे, सरदारांचे खास हक्क रद्द, लिहिण्या-बोलण्याचं स्वातंत्र्य, फाशी काही अपवाद सोडून बंद, धर्मामुळे कुणाच्या नागरिकत्वात उणेपणा येणार नाही. या शेवटच्या कलमासाठी हॅम्बुर्गचा ज्यू वकील गाब्रिएल रीसर बोलला, आणि त्याला सभागृहानं पुढे उपाध्यक्ष केलं. ज्या देशात आदल्या वर्षीपर्यंत पत्रक छापायला परवाना लागत होता, तिथे हे वाया घालवलेले महिने म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग बिघडलं कुठे? ६ ऑगस्टला एक साधी गोष्ट झाली. संसदेनं जूनमध्ये ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक योहान याला हंगामी राष्ट्रप्रमुख नेमलं होतं. मोठा लोकप्रिय माणूस, पोस्टमास्तरच्या मुलीशी लग्न केलेला. त्याच्या युद्धमंत्र्यानं हुकूम काढला, की त्या दिवशी सगळ्या जर्मन राज्यांच्या सैन्यानं कवायतीला उभं राहून नव्या राष्ट्रप्रमुखाचा जयजयकार करावा. लहान राज्यांनी केला. प्रशिया आणि ऑस्ट्रियानं त्याला धूप घातला नाही. झालं! तिथेच कळलं की या सरकारकडे शिक्के आहेत, शिपाई नाहीत. करही नाही. खर्चाला पैसे हवेत तर राज्यांकडे वर्गणी मागायची.

पुढच्याच महिन्यात त्याची किंमत भरावी लागली. श्लेस्विग-होल्स्टाइन या सीमेवरच्या मुलखावरून डेन्मार्कशी लढाई चालू होती आणि ती संसदेच्या नावानं प्रशियाचं सैन्य लढत होतं. प्रशियानं संसदेला न विचारता स्वीडनमधल्या माल्म्योला तह करून टाकला. ५ सप्टेंबरला संसदेनं तो २३८ विरुद्ध २२१ मतांनी अडवला आणि मग लक्षात आलं की अडवून करणार काय, लढायला आहे कोण? १६ तारखेला २५७ विरुद्ध २३६ नी मान्य केला. १८ ला फ्रँकफर्टच्या रस्त्यात दंगल उसळली, दोन सभासदांना जमावानं ठार मारलं, आणि संसदेनं आपल्याच लोकांपासून स्वतःचं रक्षण करायला प्रशियाचं आणि ऑस्ट्रियाचं सैन्य बोलावलं. माझ्या मते संसद मेली ती याच दिवशी. त्यानंतरचे सहा महिने तिनं अंथरुणात बसून राज्यघटना लिहिली.

दुसरा पेच आणखी अवघड : जर्मनी म्हणजे कुठून कुठपर्यंत? ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जर्मनांबरोबर चेक, हंगेरियन, पोलिश, क्रोएशियन, इटालियन होते. प्रागचा इतिहासकार फ्रांटिशेक पालाट्स्की याला फ्रँकफर्टचं आमंत्रण गेलं, तर त्यानं एप्रिलमध्येच नम्रपणे कळवलं होतं की मी स्लाव वंशाचा बोहेमियन आहे, तुमच्या घरात माझं काय काम? संसदेनं ऑक्टोबरमध्ये ठरवलं की ऑस्ट्रियाचा जर्मन भाग आत, बाकीचा बाहेर. म्हणजे व्हिएन्नाच्या बादशहानं आपलं घर मधोमध करवतायचं. तो कशाला ऐकतोय! महिन्याअखेर त्याच्या सैन्यानं बंडखोर व्हिएन्ना जिंकून घेतलं. तिथे गेलेला संसदेचा सभासद रोबेर्ट ब्लुम, कोलोनच्या पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा, नाटक कंपनीत हिशेब लिहीत लिहीत पुढारी झालेला माणूस, त्याला सभासदत्वाचं संरक्षण असतानाही ९ नोव्हेंबरला गोळी घातली. फ्रँकफर्टहून निषेधाचा ठराव गेला.

मग उरला एकच रस्ता. ऑस्ट्रिया सोडायचा आणि प्रशियाच्या राजाला सम्राट करायचं. वंशपरंपरागत सम्राटपद २७ मार्च १८४९ ला २६७ विरुद्ध २६३ मतांनी मंजूर झालं. चार मतं! तीसुद्धा डाव्यांना सगळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क कबूल केला म्हणून मिळाली. दुसऱ्या दिवशी राजाची निवड : २९० मतं, २४८ जण तटस्थ. ३ एप्रिलला ३२ सभासद बर्लिनच्या राजवाड्यात उभे राहिले आणि राजानं गोड शब्दांत सांगितलं, की इतर राजांची आणि मुक्त शहरांची संमती असल्याशिवाय मला हे घेता येत नाही. मनातलं त्यानं आधीच, डिसेंबरात, लंडनमधल्या आपल्या राजदूताला लिहिलं होतं : हा मुकुट नाहीच, चिखलमातीचा गोळा आहे आणि त्याला क्रांतीची घाण येते. ज्याला टोपी काढायला लावली, त्याच्या डोक्यावर त्याच लोकांनी मुकुट ठेवायचा, हे त्याच्या पोटात जाणं शक्य नव्हतं.

तेव्हा परीक्षेत काय लिहायचं? लिही की सैन्य, कर आणि नोकरशाही राजांच्या हातात तशीच राहिली. मार्चमध्ये, जेव्हा राजे घाबरलेले होते, तेव्हा ती काढून घ्यायला हवी होती, पण ते करायचं तर आणखी रक्त सांडलं असतं. बाडेन राज्यातल्या हेकरसारख्या बंडखोरांनी ते एप्रिलमध्ये करून बघितलं आणि आठवडाभरात आपटले. संसदेतले बहुतेक मवाळ लोक रक्ताला भ्यायचे. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. पण लातूरला पेपर तपासणारे काय म्हणतील ते तुझं तू बघ.

प्रश्न : काळा, लाल, सोनेरी हे जर्मन झेंड्याचे रंग कुठून आले? आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या मते ते होली रोमन साम्राज्याचे आहेत. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : साम्राज्याच्या ढालीवर सोनेरी पार्श्वभूमीवर काळा गरुड होता, त्यामुळे ते गृहस्थ अगदीच चुकलेले नाहीत. पण झेंडा आला शिंप्याकडून. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्ध ल्युट्सोच्या स्वयंसेवक पथकात विद्यार्थी, कारागीर घरचे कपडे घालून आले. कुणाचा निळा डगला, कुणाचा तपकिरी. सगळ्यांना एक गणवेश द्यायला पैसे नव्हते. सगळ्या रंगांवर बसेल असा रंग एकच, काळा. मग डगले काळे रंगवले, कडेला लाल पट्टी, आणि गुंड्या पितळी. त्यातले बरेच जण पुढे येनाच्या विद्यापीठात शिकायला गेले आणि १८१५ मध्ये काढलेल्या विद्यार्थी संघटनेत हेच रंग घेऊन गेले. २७ मे १८३२ ला हांबाखच्या पडक्या किल्ल्यावर वीस-तीस हजार लोक जमले तेव्हा ते सगळ्या जर्मनीचे झाले. आणि मार्च १८४८ मध्ये, इतकी वर्षं त्या रंगांच्या फितीसाठी पोरांना पकडणाऱ्या राजांच्या संघसभेनंच घाबरून ते अधिकृत करून टाकले! पुढे बिस्मार्कनं बदलले, १९१९ ला परत आले, मधे हिटलरनं घालवले, १९४९ पासून आहेत. आणि हो, ते सोनेरीच म्हणायचं. पिवळं म्हटलं की माझा जर्मन भाडेकरू दुरुस्त करतो.

प्रश्न : या सगळ्यात बायका कुठे होत्या? – एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : वर, सज्जात. पाउल्सकिर्शेत बायकांसाठी वेगळी जागा राखलेली होती आणि ती रोज भरायची. मत देणं, उभं राहणं हा प्रश्नच नव्हता. "सर्व" मतदार म्हणजे सर्व पुरुष, हे इतकं गृहीत की त्यावर भाषणसुद्धा फारसं झालं नाही.

पण लुइझे ऑटो हे नाव लिहून ठेवा. सॅक्सनीतल्या माइसेनची. १८४९ मध्ये तिनं बायकांचं वर्तमानपत्र काढलं आणि डोक्यावर ओळ छापली : स्वातंत्र्याच्या राज्यासाठी मी नागरिक स्त्रिया गोळा करते आहे. पुढच्या वर्षी सॅक्सनीच्या सरकारनं नवा छापखाना कायदा केला, की बाईला वर्तमानपत्राची संपादक होता येणार नाही. एका बाईसाठी अख्खा कायदा! लोक त्याला तिच्याच नावानं ओळखू लागले. प्रशियात १८५० पासून बायकांना राजकीय संघटनेत जायला बंदी आली, ती १९०८ पर्यंत टिकली.

आणखी एक सांगते, बालवाडीतल्या शिक्षिका वाचत असतील तर त्यांच्यासाठी. १८५१ मध्ये प्रशियानं बालवाडीचा जनक फ्रोबेल याच्या पद्धतीची किंडरगार्टन बंद पाडली. चार वर्षांची पोरं ठोकळ्यांशी खेळून राज्य उलथवतील अशी भीती! बंडात सापडून देशोधडीला लागलेला कार्ल शुर्त्स अमेरिकेला गेला. बाडेनमधल्या रास्टाटच्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हा तो गटारातून निसटला होता, पुढे अमेरिकेच्या 'इंटीरियर' खात्याचा मंत्री झाला. त्याची बायको मार्गारेटे हिनं १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन गावी आपल्या मुलीसाठी आणि शेजारच्या पोरांसाठी जर्मन भाषेतली बालवाडी घातली. अमेरिकेतली पहिली किंडरगार्टन ती.

प्रश्न : नौदलातून निवृत्त आहे. १८४८ ला जर्मनीचं आरमार होतं आणि ते लिलावात विकलं, असं वाचलं. थट्टा आहे का? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : थट्टा नाही, नमस्कार. डॅनिश जहाजांनी जर्मन बंदरं कोंडली तेव्हा संसदेनं १४ जून १८४८ ला आरमारासाठी ६० लाख थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं) मंजूर केले. अजून देश झाला नव्हता, पण आरमार झालं. ग्रीक आरमारात नोकरी केलेला ब्रोमी नावाचा अधिकारी त्याचा प्रमुख. ४ जून १८४९ ला हेल्गोलांड बेटाजवळ एका डॅनिश जहाजाशी त्यांची चकमक झाली. हेल्गोलांड तेव्हा इंग्रजांचं, तिथून इशाऱ्याचा बार झाला आणि सगळं थांबलं. पुढे संसद गेली, जुनी संघसभा परत आली, आणि बोटींचा खर्च कुणी द्यायचा यावर राजांमध्ये वाद लागला. १८५२ मध्ये हानिबाल फिशर नावाच्या सरकारी अधिकाऱ्याला नेमून त्यांची विल्हेवाट लावली. दोन-तीन प्रशियानं घेतल्या, बाकीच्या विकल्या. त्या बिचाऱ्या फिशरला जर्मन लोक त्यानंतर पिढ्यानपिढ्या शिव्या देत आले. त्याचा दोष एवढाच, की हातोडा त्याच्या हातात होता.

प्रश्न : १८४८ लाच जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, त्याच वर्षी डलहौसीनं सातारा खालसा केलं. युरोपातल्या क्रांतीशी याचा संबंध जोडता येईल का? – एक शिक्षक, सातारा

उत्तर : नाही हो गुरुजी. सन जुळलं म्हणून सोयरीक जुळत नाही.

एक धागा मात्र खरा आहे, आणि तो माझ्या आवडीचा. डेसाऊचा एक चोवीस वर्षांचा जर्मन पोरगा फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसला ऋग्वेदाची हस्तलिखितं घेऊन बसला होता. रस्त्यात गोळ्या सुरू झाल्या तसा तो पोथ्या सांभाळत लंडनला पळाला, प्रशियाचे राजदूत बुन्सेन यांच्याकडे. याच बुन्सेननी आदल्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या गळी उतरवून ऋग्वेद छापण्याचा खर्च मंजूर करून घेतला होता. तो पोरगा म्हणजे माक्स म्युलर. मार्चच्या शेवटी त्याच बुन्सेनकडे आणखी एक पाहुणा आला, प्रशियाच्या राजाचा धाकटा भाऊ विल्हेल्म. बर्लिनच्या लोकांचा त्याच्यावर राग इतका, की त्याला 'तोफगोळ्यांचा राजपुत्र' म्हणत. तो तोंड लपवून लंडनला आला होता. आणि मघाशी सांगितलं ते चिखलाच्या मुकुटाचं पत्र राजानं लिहिलं तेही याच बुन्सेनना.

ऋग्वेदाचा पहिला खंड १८४९ मध्ये निघाला, संसद बुडाली त्याच वर्षी. पन्नास वर्षांनी टिळक तुरुंगात असताना त्यांच्या सुटकेच्या अर्जावर म्हाताऱ्या माक्स म्युलरनं सही केली. पुण्यात ज्या मॅक्सम्युलर भवनात तुमचे विद्यार्थी जर्मन शिकायला जातात, ते याच्याच नावाचं.

प्रश्न : शेवटी जर्मनी एक केलं ते बिस्मार्कनं, रक्त आणि लोखंड वापरून. मग १८४८ ला उगाच एवढं महत्त्व का? – एक वकील, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वकीलसाहेब, बिस्मार्कनं ३० सप्टेंबर १८६२ ला जे म्हटलं, त्यात १८४८-४९ चं नाव घेऊनच म्हटलं : मोठे प्रश्न भाषणांनी आणि बहुमताच्या ठरावांनी सुटत नाहीत, ती त्या वर्षांची चूक होती. म्हणजे ज्यांना तो नाकारत होता, त्यांच्याशी भांडल्याशिवाय त्यालाही बोलता आलं नाही. आणि पाच वर्षांनी उत्तरेकडच्या जर्मन राज्यांच्या नव्या संघाची संसद निवडायची वेळ आली तेव्हा त्यानं फ्रँकफर्टवाल्यांचाच १८४९ चा मतदान कायदा उचलला, सगळ्या पुरुषांना मत. तुमच्या व्यवसायात याला काय म्हणतात ते तुम्हीच सांगा.

तुम्ही वकील म्हणून तुम्हाला एका वकिलाची गोष्ट. ३ एप्रिल १८४९ ला बर्लिनला मुकुट घेऊन गेलेल्या ३२ जणांचा म्होरक्या होता एडुआर्ड सिमसन, क्योनिग्सबेर्गचा कायद्याचा प्राध्यापक, संसदेचा अध्यक्ष. जन्मानं ज्यू, लहानपणी ख्रिस्ती झालेला. नकार ऐकून तो रिकाम्या हातानं परतला. एकवीस वर्षांनी, १८ डिसेंबर १८७० ला, फ्रान्सशी युद्ध चालू असताना, व्हर्सायला प्रशियाच्या राजापुढे पुन्हा एक शिष्टमंडळ उभं राहिलं, सम्राटपद स्वीकारा म्हणायला. म्होरक्या तोच सिमसन. राजा मात्र तो नव्हता, त्याचा धाकटा भाऊ होता. बुन्सेनकडे लपलेला तो तोफगोळ्यांचा राजपुत्र, ज्यानं १८४९ च्या उन्हाळ्यात बाडेनमधलं शेवटचं बंड स्वतः सेनापती होऊन चिरडलं आणि २३ जुलैला रास्टाट घेतलं. या वेळी सगळ्या राजांनी आधीच होकार दिला होता, लोकांचे प्रतिनिधी फक्त विनंती करायला आले होते. विल्हेल्मनं मुकुट घेतला.

सिमसन त्या दिवशी व्हर्सायला जिना चढताना काय विचार करत असेल, हे मला राहून राहून वाटतं. १८७९ मध्ये लाइपझिगला जर्मनीचं सर्वोच्च न्यायालय झालं, त्याचा पहिला अध्यक्षही तोच.

प्रश्न : दिवाळीनंतर मुलाकडे फ्रँकफर्टला जातोय. काय बघू? – एक निवृत्त बँक कर्मचारी, चिंचवड

उत्तर : मी लेकीकडे गेले होते तेव्हा रोमरपासून पाउल्सकिर्शेपर्यंत त्या सभासदांच्या वाटेनं चालून बघितलं. माझ्या गुडघ्यांनी चार मिनिटं लागली. तुम्हाला दोन लागतील. आत शिरल्यावर जुनं काही शोधू नका. १८ मार्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ते जळालं. तारीख बघितलीत? बर्लिनच्या मोर्च्यांची. नुसत्या भिंती उरल्या होत्या. १८ मे १९४८ ला, शंभर वर्षं पुरी झाली त्या दिवशी, परत उघडलं, पण सजावट मुद्दाम केली नाही. खाली बुटकं, अंधारं दालन, तिथे गोल भिंतीवर काळ्या कोटातल्या सभासदांची मोठी रांग रंगवली आहे. तिथून जिना चढून वर गेलं की एकदम पांढराशुभ्र, उजेडानं भरलेला उंच दिवाणखाना. जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार दर शरदात इथे देतात, १९६१ मध्ये तो राधाकृष्णननांही मिळाला होता. मी मागच्या रांगेत खुर्चीवर बराच वेळ बसून राहिले. लेकीला वाटलं दमले.

एक गोष्ट मात्र तिथे मिळणार नाही. सभापतींच्या डोक्यावर जे मोठं 'गेर्मानिया'चं चित्र होतं, फिलिप फाइटनं काढलेलं, ते आता न्यूरेंबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जावयानं रविवारी गाडी काढून नेलं. ओकच्या पानांचा मुकुट घातलेली बाई, एका हातात झेंडा, एका हातात तलवार, पायाशी तुटलेली बेडी. उंची जवळजवळ पाच मीटर. पुस्तकात बघून मला ते भरभक्कम तैलचित्र वाटायचं. प्रत्यक्षात पातळ सुती कापडावर काढलेलं आहे, आणि टांगलं होतं ते चर्चचा ऑर्गन झाकायला.